दोन झ्लॉटींचं खोकं

आमच्या गावाच्या नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र दिसत नाही,
गिरण्यांनी ती केव्हाच पाइपात घालून
रस्त्याखाली पुरली.
अशा या वूच गावात, एका मागच्या अंगणात,
मी एकवीस वर्षं जुने गेम विकते.
पाटीवर दोब्रोख्ना लिहिलंय,
त्यातली दोन अक्षरं पडलीत.

मंगळवारी विन्सेंटी आले. गिरणीतले मागांचे फिटर,
गिरणीच्या जागी मॉल आला तेव्हापासून रिकामे.
पिशवीतून नातवाचा कन्सोल काढला,
चहूबाजूंनी फिरवला, कानाशी धरला.
"याला तोंडच नाही. डिस्क घालायची कुठून?"
घालायची नाही, मी म्हटलं. याला सलाईन लावतात.

क्सावेरीचा खेळ खेळून संपलाय, तो विकायचाय.
दोनशे ऐंशी झ्लॉटी मोजले होते आजोबांनी,
पेन्शनच्या आठवड्यातच.
मी म्हटलं, विकता येत नाही.
"उसना द्यायचा म्हटलं तर? शेजारच्या मुलाला?"
नाही.
"मग विकत काय घेतलं मी?"

आता काय सांगू.
कपाटातली निळी डबी दाखवली:
हिच्यात डिस्क आहे, ही सात हातांतून फिरली,
एकाने तर हिच्यावर जॅम सांडला, तरी चालते.
पण नव्या डिस्का म्हणजे नुसत्या किल्ल्या झाल्यात,
घर वरूनच उतरवायचं.
आणि तुमच्या याला तर किल्लीही नाही,
नातवाचं नाव आणि पासवर्ड, तेच दार.
सातबारा कंपनीकडे, आपण नुसतं कसायचं.

"आणि कॉम्प्युटरवर?"
तिथली डिस्क माझ्याकडे कधीच आली नाही.
डबीतला नंबर एकदा टाकला की संपला,
मग त्या तबकडीवर कप ठेवा.
दुकानं सगळी पडद्यात गेली, उन्हाळ्यात
ब्रेडपेक्षा स्वस्त विकतात, यंत्र बदला, खेळ मागे येतो,
पण तोही परवानाच, लांब दोरीचा.
एक-दोन दुकानं अख्खी फाइल हातात देतात,
ठेव म्हणतात, तळघरात ठेव, आम्ही बुडालो तरी चालेल.
माझ्या ड्राइव्हवर तसे एकतीस खेळ आहेत.
खेळायला वेळ नाही. पण आहेत.

मला बाजार आठवला, नव्वदचा:
पत्र्याच्या टेबलांवर कॅसेटींचे ढीग, झेरॉक्सची मुखपृष्ठं,
एकही खरी नाही. मीही विकल्यात, खोटं कशाला बोलू.
तेव्हा सगळं चोरीचं, आणि घरात पडून राहायचं.
आता सगळं पावतीचं,
आणि पावतीशिवाय हाती काही नाही.

विन्सेंटी बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, माग भंगारात गेले त्या दिवशी
मी नक्षीची कार्डं घरी आणली. भोकांची पुठ्ठी,
चारशे बारा, दोऱ्यात ओवलेली.
कुठल्या भोकाला कुठला धागा उचलतो, पाठ आहे मला.
माग नाही.
"तुमचं उलटं. माग आहे, कार्डं त्यांच्याकडे."
दात आणि चणे, मी म्हटलं. हसलो दोघं,
फारसं नाही.

जाताना त्यांनी एक रिकामं खोकं मागितलं,
नातवाच्या नव्या खेळाचं, नामदिन आहे शुक्रवारी,
कोड टाइप करून द्यायचा, तर कागदात गुंडाळायचं काय?
दोन झ्लॉटी घेतले. घ्यायला नको होते.

पुढच्या बुधवारी क्सावेरी आला, तेच खोकं घेऊन.
उघडलं तर आत एक पुठ्ठ्याचं कार्ड, कडा खाल्लेल्या,
डिस्कच्या जागी बसेल असं बेताने कापलेलं.
"याचे किती देशील?"
मी ते दिव्यासमोर धरलं.
काउंटरवर उजेडाचे ठिपके पडले, ओळीत,
मध्येच एक रिकामी जागा, परत ठिपके.
विकायचं आहे का, विचारलं.
"नाही," तो म्हणाला. "विकता येतं का, ते बघत होतो."